ताटातलं नाव

१३ नोव्हेंबर १९७२, सोमवार

वहीच्या पहिल्या पानावर ठसठशीत नाव घातलं: भागिरथी. बापाचं नाव, आडनाव काही घातलं नाही. एवढंच बरं दिसलं.

ही वही बोर्डिंगाच्या साहेबांनी निरोपाला दिली. म्हणाले, भागिरथीबाई, मुलांच्या आधी पेपर तुम्हीच वाचून काढायचात, आता चार ओळी लिहीत जा. नगरच्या त्या बोर्डिंगात एकतीस वर्षं भाकरी थापल्या मी. अक्षर कुणी शिकवलं नाही. गुळाच्या पुडीचे कागद चुलीत घालायच्या आधी वाचत गेले, तेवढीच माझी शाळा.

सकाळी एसटीने शेवगावला उतरले. राधाकृष्ण बैलगाडी घेऊन आला होता. पन्नाशीला आलेला सालस गडी, दुष्काळी रस्त्याच्या कामावर मुकादम आहे. तिकडेच खोपटात राहतो, बायकोमुलं काष्टीला तिच्या माहेरी ठेवलीत, कारण तिथल्या विहिरीला अजून पाणी आहे. घरी एकटी आई. चांगुणाबाई नाव. दोन वर्षांपासून तिला काही म्हणजे काही आठवत नाही. तिचं बघायला मला आणलं. वाटेत दोन्ही बाजूंनी नुसती उघडी ढेकळं, ज्वारीचा कोंब म्हणून नाही. तरी मी मजेत होते. नवी जागा बघायला मला लहानपणापासून आवडतं.

वस्ती गावापासून कोसभर लांब आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, अंगणात लिंब. मला एक कोनाडा आणि भिंतीतली खुंटी मिळाली. तीनशे पोरांच्या गलक्यातून इथे आले आणि कानात नुसतं सुं व्हायला लागलं. गुळाचा चहा करून तिघांनी प्यायला. म्हातारी माझ्याकडे बघून हसली. जमेल आमचं.

१५ नोव्हेंबर

राधाकृष्ण गेला. आता रविवारी, नाहीतर पुढच्या रविवारी येईल. जाताना बिचारा खाली बघून सांगून गेला की दुपारी तिचा पाय बाजेला बांधायचा, नाहीतर ती माहेरी निघते. दावं दाखवलं. पायाला वळ आहे.

तो दिसेनासा झाला तसं मी दावं सोडून आडावर टाकून आले. माहेरी जायचं म्हणते तर जाऊ या की. दुपारी तिचा हात धरून निघाले. बांधावरच्या बाभळीपर्यंत गेलो, सावलीत बसलो. मी म्हटलं, दमले बाई, उद्या जाऊ. ती म्हणाली बरं. परत आलो. एवढं सोपं होतं ते.

हळूहळू तिचं कळायला लागलंय. ताटात वाढलं तर खात नाही, झाकणीत वाढलं तर चाटूनपुसून खाते. आरसा नको. केसांच्या दोन वेण्या हव्यात. मिलोची, म्हणजे रेशनच्या तांबड्या ज्वारीची भाकरी तिला चावत नाही, म्हणून लेक दर खेपेला शेरभर तांदूळ आणतो, तेवढेच मऊ शिजवून द्यायचे. मूठभर उडीद पुढ्यात ओतून दिला की तासभर निवडत बसते. निवडून झाला की मी पुन्हा खडे कालवते. ह्यात फसवणूक आहे का, कोण जाणे. तिच्या हाताला काम लागतं, एवढं खरं.

आणि दिवसातून चाळीस वेळा विचारते, तुपलं नाव काय गं. मी चाळीस वेळा सांगते, भागिरथी. प्रत्येक वेळी म्हणते, चांगलं हाय.

२१ नोव्हेंबर

आज भांडी घासली. ह्या घरात हरेक भांड्यावर नाव कोरलंय. मोठ्या हंड्यावर पुंजाराम, म्हणजे राधाकृष्णाचे वडील, जाऊन दहा वर्षं झाली. परातीवर, तांब्यावर चांगुणा. मी मोठ्याने वाचत वाचत घासले, पुंजाराम, चांगुणा, पुंजाराम, चांगुणा. दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव घ्यायला काही वाटत नाही. आमच्या ह्यांचं मात्र तोंडातून निघत नाही. जाऊन बत्तीस वर्षं झाली, तरी लिहायलासुद्धा हात धजत नाही. चाल अंगात मुरलेली.

वाचता वाचता मागे बघितलं तर म्हातारी भिंतीला चिकटून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. चुलीच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. मी जवळ घेतलं, म्हटलं, काय झालं चांगुणाबाई, तर तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. हळू आवाजात म्हणाली,

"तिला हाक नको मारू. हाक मारली की ती येऊन उभी ऱ्हाती."

दारात कुणी नव्हतं. असणार कोण?

३० नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या वस्तीवरची गोजरबाई सकाळी खडी फोडायला जाताना हाक देऊन जाते. ह्या रानात तेवढंच एक माणूस. तिला मी ते दाराचं सांगितलं. ती म्हणाली, लेकाने आई म्हटलेलं चालतं, पण नाव घेतलं की म्हातारी अशीच करते. मग तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगितलं. चांगुणाबाई नऊ वर्षांची असताना गोदावरीपलीकडून ह्या घरात आली. माहेरचं नाव भीमा. पण इथल्या नणंदेचं नावही भीमाच, म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठीने त्यात चांगुणा लिहिलं आणि पोरीचं नाव बदललं. तीन दिवस पोर कुणाच्या हाकेला ओ देईना. चौथ्या दिवशी दिली.

मी तशीच ओट्यावर गेले. हळूच म्हटलं, भीमे.

ती वळली. अशी वळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत कुणी तिला तिच्या नावाने हाक मारली नव्हती. दोन कसली, साठ वर्षांत.

माझ्या लग्नातही ते ताट आलं होतं. पण आमचे हे म्हणाले, आहे तेच राहू द्या, चांगलं नाव आहे. म्हणून मी भागिरथीच राहिले. त्या माणसाने मला दागिना एकही केला नाही, पण हे केलं.

७ डिसेंबर, गुरुवार

भीमी म्हटलं की खुलते, खाते, झोपते. पण दुपार कलली की पुन्हा दाराकडे बघते. आज मला म्हणाली, मपल्यावर तिचं नाव हाय, ते काढ, म्हंजी ती जाईल.

मला वाटलं, ज्या रीतीने घातलं त्याच रीतीने काढू. माणसाला हवं ते द्यावं, आपल्या शहाणपणात बसतं का ते बघू नये. परातीत तांदूळ पसरले. अंगठी नव्हती, बोटानेच लिहिलं, चांगुणा. भीमीला म्हटलं, पूस. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग तळहात फिरवला, एकदा, दोनदा. तांदूळ सारखे झाले. ती खदखदून हसली. दुपारभर दाराकडे एकदाही बघितलं नाही.

ते तांदूळ मी चिमण्यांना टाकणार होते. पण ह्या साली अन्न टाकायला हात होईना. शिजवले. भीमीने झाकणी लांब सारली. हे मपलं न्हाई, तिचं हाय, म्हणाली. मग मीच खाल्ले, मीठ आणि चिंचेचं पाणी घालून. किती महिन्यांनी मऊ भात पोटात गेला. पोटभर खाल्ला.

१२ डिसेंबर

भीमी आनंदात आहे. अंगणात सागरगोट्यांनी खेळते, हात कापत असले तरी झेलते. माझं नाव विचारायचं कमी झालंय. आज दोनदाच विचारलं.

गोजरबाई घरदार बंद करून कामावरच राहायला गेली, तिकडे मजुरांना खायला सुकडी मिळते म्हणून. जाताना म्हणाली, मावशी, सांभाळून ऱ्हावा. आता सकाळची हाकही बंद. राधाकृष्णही मावशीच म्हणतो. बोर्डिंगात साहेब तरी भागिरथीबाई म्हणायचे. बहीण गेली, भाऊ गेला, गाव मुळा धरणाच्या पाण्याखाली गेलं. कुणाला माझं नाव ठाऊक आहे, मोजत बसले होते. बोटं उरली.

१८ डिसेंबर

एक गंमत. घरातल्या पेटीची किल्ली सापडत नव्हती, राधाकृष्ण म्हणाला होता, दोन वर्षं शोधतोय. आज मी भाकरी टाकता टाकता उठले, चुलीमागच्या भिंतीतला सैल दगड काढला, आत हात घातला. किल्ली.

मला कुणी सांगितलं होतं? गोजरबाईने सांगितलं असेल. बोलता बोलता.

परतताना उंबऱ्याशी मान वाकवली. दार उंच आहे, मला वाकायला लागत नाही. भीमीची सासू वाकायला लावायची म्हणे.

असं कोण म्हणालं?

२४ डिसेंबर, रविवार

राधाकृष्ण आला. खडीच्या धुळीने डोळे लाल. ओट्यावर बसून चोळायला लागला तशी मी पाणी देता देता म्हणून गेले, डोळे चोळू नकोस, पाळण्यातली खोड आहे तुझी. गोवरात गेलेच होते डोळे, अंगावरचं दूध पिळून घातलं तेव्हा राहिले.

त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. हे कुणी सांगितलं, विचारलं. मी म्हटलं, गोजरबाईने. तो म्हणाला, गोजरबाई इकडे लग्न होऊन आली तेव्हा मी मिसरूड फुटलेला होतो.

मग जेवला. आई पलीकडे सागरगोटे खेळत होती, त्याला ओळखत नव्हती. हात धुऊन आला आणि लहान पोरासारखा म्हणाला,

"मावशी, पुन्हा एकदा म्हना. डोळ्याचं."

मी म्हटलं. तो रडला. मला मूलबाळ नाही, माझ्या अंगावर कुणी प्यायलं नाही. पण छातीत अशी कळ आली की पदर घट्ट धरून बसले.

२ जानेवारी १९७३

हंडा घासायला घेतला. त्यावरचं नाव वाचायला गेले आणि जीभ टाळूला चिकटली. लाज वाटली. पदर डोक्यावर घेतला — रिकाम्या घरात.

वहीत मागे बघितलं. नोव्हेंबरात मी ते नाव लिहिलंय, तीनदा लिहिलंय. आज हात चालत नाही. त्यांचं नाव कसं लिहू?

मग भीत भीत दुसरं लिहून बघितलं. सहादू. सहादू. सहादू.

बत्तीस वर्षं जे निघत नव्हतं ते सरळ निघालं. कुणाचंही नाव असावं तसं.

ते भाताचं होतं. मला कळलंय ते. गेल्या महिन्यापासून कळलंय, लिहीत नव्हते.

६ जानेवारी

भीमी नाव विचारत नाही. चार दिवस झाले. मी मुद्दाम समोर जाऊन बसते. विचार गं, म्हणते. ती उडीद निवडते.

तिने विचारायचं आणि मी सांगायचं, तेवढ्यावर मी उभी होते. चाळीस वेळा सांगून कंटाळायचे — तो कंटाळा कुठे ठेवला मी.

दुपारी चुलीच्या खोलीतून बाहेर आले. दारात उभी राहिले, डोळ्यांवर ऊन आलं म्हणून. भीमीने वर बघितलं. उडीद हातातून सांडला. भिंतीला चिकटली.

"आली का तू," म्हणाली.

मागे वळून बघितलं. माझ्यामागे कुणी नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

राधाकृष्णाने तिळगूळ आणला. आधी माझ्या पाया पडला. आई म्हणाला. मी म्हटलं, अरे, मी भा — मी बोर्डिंगातली, तू मला गाडीतून आणलंस. मला नगरला सोड. सगळं सांगितलं त्याला, ताटाचं, भाताचं. त्याने ऐकून घेतलं. हसला नाही. वेड्यात काढलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाला, ती माहेरी पोचली, मला आई मिळाली. तिची भीती गेली, तुम्हालाही घर झालं.

"ऱ्हाऊ द्या ना आता. तुमचं काय जातंय?"

काय जातंय ते त्याला सांगायचं होतं. वाढून दिलं. त्याला तीळ जास्त लागतात.

गाडी गेली. धुरळा बसेपर्यंत ओट्यावर उभी होते.

१९ जानेवारी

उपाय आहे. मला ठाऊक आहे. परातीत तांदूळ घेतले, शेवटचेच. चांगुणा लिहिलं. पुसलं. शिजवले. झाकणीत काढले, तिला आवडतं तसं. एक घास तिच्या पोटात गेला की नाव परत तिच्याकडे. मी मोकळी. चालत शेवगाव गाठेन.

भीमीच्या दोन वेण्या घातल्या होत्या सकाळी. ती येऊन बसली. मी दारात नव्हते, तिच्यासमोर बसले होते, म्हणून भ्याली नाही. विश्वासाने तोंड उघडलं, चिमणीच्या पिलासारखं.

तिच्या पायाचा वळ आता बुजलाय.

घास हातात — किती वेळ —

नाही घातला. लिंबाखाली ओतून आले. मुंग्या आल्या. कोणत्या तोंडाने घालू? तिला तिचं नाव मीच दिलं होतं.

तारीख बघायला कॅलेंडर नाही

वहीच्या पहिल्या पानावर कुणा भागिरथीचं नाव आहे. बाई मनाने चांगली असावी. अक्षर गोल आहे. बोर्डिंगात होती म्हणे.

कुठे गेली, कुणी चौकशी केली नाही.

राधाकिसन आला होता. कढी केली. पाणी दोन हंडे. ह्यांच्या हंड्याला कल्हई करायची आहे.

दुपार

दारात बाई उभी आहे. चुलीच्या खोलीच्या दारात. पांढरं लुगडं, हाताला भाकरीचं पीठ. काही करत नाही. बोलत नाही. नुसती बघते. कुणीतरी हाक मारील म्हणून थांबल्यासारखी.

भीमी तिला भ्याली नाही. उठली, तिच्याजवळ गेली, हात धरला.

"तुपलं नाव काय गं?"

बाई माझ्याकडे बघते आहे. मी सांगावं म्हणून. तिला स्वतःला सांगता येत नाही — मला ठाऊक आहे, येत नाही, कुणीतरी दुसऱ्यानेच घ्यावं लागतं ते. थांब गं बाई. रडू नकोस. सांगते मी, आत्ता जिभेवर होतं. वहीत आहे, पहिल्याच पानावर. हे बघ, पान उलटते आणि